दुसरा हूक

॥ श्री ॥

धारगळ,
ता. १९ नोव्हेंबर २०२३

ती. स्व. ताईस,
परेशचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हाताने लिहिलेली पत्रं आता आमच्या पोस्टमनला फक्त आपल्या दोघांचीच मिळतात, म्हणून तो ती द्यायला मुद्दाम घरात येतो आणि चहा घेतल्याशिवाय उठत नाही. तुला फोनवर ऐकू येईनासं झालं याचं वाईट वाटतं, पण त्यापायी माझं अक्षर सुधारलं हेही खरं. यशोदा कुरकुरते की नवऱ्याने बायकोला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत आणि बहिणीला मात्र पानंच्या पानं.

तुषारची काळजी करू नकोस म्हटलं तरी तू करणारच, म्हणून त्याचं काम सविस्तर सांगतो. आमची कंपनी हॉटेलांच्या, ऑफिसांच्या बाहेरच्या काचा धुते. मी सुपरवायझर, म्हणजे कोण कुठे चढणार आणि कधी उतरणार ते मी ठरवतो. वर चढणाऱ्याच्या पट्ट्याला दोन आखूड दोर असतात आणि दोन्हींच्या टोकाला हूक. इमारतीच्या कडेने पोलादी तार ओढलेली असते, तिला ते हूक अडकवायचे. तार जिथे खुंटीला बांधलेली असते तिथून पुढे सरकताना एक हूक काढून पलीकडे लावायचा, आणि तो लागल्यावरच दुसरा काढायचा. दोन हूक असले की माणूस क्षणभरही मोकळा राहत नाही.

आता तुझ्या मुलाविषयी. तो रोज सकाळी पट्ट्याची शिवण अन् शिवण बोटाने चाचपतो. पोरं त्याला भटजी म्हणतात, पूजा झाली का म्हणून विचारतात. गेल्या आठवड्यात त्याने आमच्या पांडुरंगाला अर्ध्या शिडीवरून खाली उतरवलं, का तर हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावलेला नव्हता. पांडुरंग सावंतवाडीकडचा, पन्नाशीचा, माझ्याही आधीपासून कामावर. पुटपुटत उतरला, पण उतरला. मला तेव्हा तू आठवलीस. शाळेत जाताना माझ्या सदऱ्याची बटणं तू अशीच तपासायचीस.

जपून राहा. आहे तो लोभ वाढता असू दे.

तुझा,
परेश


॥ श्री ॥

कारापूर,
२ डिसेंबर २०२३

चि. परेश यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तुषारला दाखवलं. भटजी वाचून असा लाजला की जेवण अर्धं टाकून उठला. अश्विनीने फोंड्याला तिच्या सासरीही ही बातमी पोचवली, आता जावई त्याला दक्षिणा किती म्हणून विचारतो.

आनंदाची गोष्ट अशी की दोडामार्गची मंडळी येऊन गेली. मुलगी सोनाली, तिथल्याच शाळेत शिकवते. बोलताना इकडेतिकडे नाही, माझ्या डोळ्यांकडे बघते आणि सावकाश बोलते, त्यामुळे मला तिचं सगळं कळलं. तुषारला विचारलं तर म्हणाला, तुला कळतं तेवढं पुरे. लग्न मे महिन्यात करावं म्हणते. मामा म्हणून तुला आठवडाभर आधी यावं लागेल, सबबी चालणार नाहीत.

एक मागणं आहे. आई गेली तेव्हा तू दहा वर्षांचा होतास आणि मी लग्न होऊन नुकतीच या घरात आलेली. ह्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, तुला ठेवून घेतलं. आता ते नाहीत आणि त्यांचा मुलगा तुझ्या हाताखाली आहे. तू तिथे सुपरवायझर असशील, पण कामावरही तू त्याचा मामा आहेस हे विसरू नकोस. एवढंच.

यशोदेला आणि मुलांना आशीर्वाद. माया करतोसच, करत राहा.

तुझी,
सुमंगलाताई


॥ श्री ॥

धारगळ,
१४ फेब्रुवारी २०२४

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

इस्पितळात आठ दिवस आपण एकाच बाकावर बसलो, पण तुला सांगता आलं नाही. वॉर्डात तुझ्या कानाशी ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. तू माझा हात धरून खुणेने विचारत होतीस, कसं झालं म्हणून. ते लिहितो.

सहा तारखेला दुपारी पेडण्याच्या त्या नव्या हॉटेलच्या पोर्चवर काम होतं. उंची दोन मजल्यांची. तुषार एकच हूक लावून काम करत होता. खुंटीपाशी आला, हूक काढला, आणि पलीकडे लावण्याआधीच पाय सरकला. साबणाचं पाणी होतं. खाली बागेची भुसभुशीत माती होती म्हणून आपल्याला तो मिळाला. घाई केली त्याने, ताई. इतका सांभाळून राहणारा मुलगा, त्या दिवशी त्याला काय झालं कोण जाणे.

कमरेचं हाड आणि पाय जुळायला सहा महिने लागतील. डोक्याचं म्हणशील तर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तो पूर्वीसारखा बोलेल, वाचेल, सगळं ओळखेल, पण पडला त्या दिवसाचं त्याला काहीच आठवत नाही, आणि तो दिवस बहुधा परत येणार नाही. एका परीने बरंच म्हणायचं.

जेवत जा.

तुझा,
परेश


॥ श्री ॥

कारापूर,
२० मार्च २०२४

चि. परेश यास आशीर्वाद.

आम्ही घरी आलो. तुषारची खाट पुढच्या खोलीत जनेलापाशी लावली आहे, सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल आणि रस्त्यावरची माणसं दिसतात.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याने मला विचारलं की मी नक्की पडलो कसा. इस्पितळात मामाने सांगितलं होतं, पण औषधांच्या गुंगीत नीट कळलं नाही म्हणाला. मी तुझं पत्रच त्याच्या हातात दिलं. त्याने ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. मग म्हणाला, मी असं करीन असं मला वाटलं नव्हतं.

मी बोलले त्याला. अंथरुणातल्या माणसाला बोलू नये, पण राहवलं नाही. जगाला शहाणपण शिकवायचं आणि स्वतः अशी हयगय करायची! म्हाताऱ्या आईचा, त्या मुलीचा विचार मनात आला नाही का, असं विचारलं. चूक झाली एवढंच म्हणाला.

कंपनीचं पत्र आलं आहे. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला असं त्यात आहे. त्याच्यापायी तुला वरच्या लोकांचं किती ऐकून घ्यावं लागलं असेल ते मी समजू शकते. त्याची आई म्हणून मी तुझी माफी मागते, परेश. मनात ठेवू नकोस.

लग्न पुढे ढकललं. सोनालीच्या घरची माणसं चांगली आहेत, थांबतो म्हणाली.

तुझी,
ताई


धारगळ,
२९ मार्च २०२४

ती. स्व. ताईस,
सा. न.

माफी कसली मागतेस. असं पुन्हा लिहू नकोस, आणि त्याला बोलूही नकोस.

कामाची गडबड आहे. सवडीने लिहितो.

परेश


॥ श्री ॥

कारापूर,
१५ सप्टेंबर २०२४

चि. परेश यास आशीर्वाद.

मार्चपासून तुझी तीन पत्रं आली, आणि तिन्ही मिळून एक पान होत नाही. चवथीलाही आला नाहीस. या घरात आल्यापासून तुझ्यावाचून गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची ही पहिलीच वेळ. यशोदेने तुझं अंग मोडून आल्याचं कळवलं. खरं असेल, पण मला तुझी सवय मोडवत नाही.

तुषार आता काठी घेऊन चालतो. डॉक्टर खूश आहेत. मी नाही, कारण घरी परत आलाय तो माझा तुषार वाटत नाही. गॅस बंद केला की पाच वेळा जाऊन बघतो आणि सहाव्यांदा मला बघायला लावतो. दाराची कडी स्वतः लावत नाही. चवथीला अश्विनी तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन आली होती. बाळाला त्याच्या मांडीवर ठेवायला गेली तर हा खुर्चीतून उठून बाजूला झाला. माझ्या हातांचा भरवसा नाही, म्हणाला. अश्विनी आत जाऊन रडली.

आता सोनालीचं. जुलैत ती भावाबरोबर इथे आली होती, थांबायला तयार होती. तुषारने तिला सांगितलं की मी घाईत हात सोडणारा माणूस निघालो, ते मलाही आधी ठाऊक नव्हतं, अशा माणसाला तू जन्म बांधू नकोस. ती पुढच्या दारी बाल्कांवात बसून रडत होती आणि हा बाहेर आला नाही. मी त्याला अडवलं नाही रे. खोटं का लिहू, मलाही वाटलं की तो म्हणतो त्यात तथ्य आहे.

आणि चवथीच्या दिवशी तर मी पंगतीत सगळ्यांसमोर बोलून गेले की याच्या क्षणभराच्या आळसाने घराची ही दशा केली. त्याने पान उचललं आणि हात धुवायला गेला.

तू येऊन त्याला चार शब्द सांग. तुझं तो ऐकतो. लहानपणापासून तुझंच ऐकत आला आहे.

वाट बघते.

तुझी,
ताई


धारगळ,
६ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. ताईस,

हे पत्र वाचल्यावर तू माझा नमस्कार घेशील की नाही ठाऊक नाही, तरी सा. न.

मुख्य ते आधी लिहितो. तुषारची चूक नव्हती. एका हुकावर त्याला मी काम करायला लावलं.

त्या दिवशी दोनच्या सुमारास तो स्वतःहून खाली उतरला आणि दुसऱ्या हुकाचं तोंड बंद करणारी जिभली मला दाखवली. आतली स्प्रिंग गेली होती, दाबलेली जिभली परत बंद होत नव्हती. असा हूक तारेवरून केव्हाही निसटतो. तो म्हणाला, दुसरा पट्टा आल्याशिवाय वर जाणार नाही. दुसरा पट्टा म्हापशाच्या गोदामात होता, आणून लावायला तास-दीड तास. चारला हॉटेलात लग्नाचे पाहुणे उतरायचे होते आणि पोर्चवरच्या काचा तेवढ्या राहिल्या होत्या. मी म्हटलं, चार पावलांचं काम आहे, एकावर उरक. तो नाही म्हणाला. मी पुन्हा म्हटलं, तो पुन्हा नाही म्हणाला, आणि वर मला नियम ऐकवला, जो मीच त्याला शिकवला होता.

मग मी सुपरवायझरसारखं बोलायचं सोडलं. म्हटलं, मामा सांगतोय ना, मामावर विश्वास नाही? त्याने माझ्याकडे बघितलं आणि शिडीला हात घातला.

तो पडल्यावर रुग्णवाहिका येईपर्यंत दहा-बारा मिनिटं गेली. तेवढ्यात मी काय केलं ते लिहिताना लाज वाटते. पांडुरंग त्याचं डोकं धरून बसला होता आणि मी त्याच्या पट्ट्यावरून तो बिघडलेला हूक सोडवून माझ्या स्कूटरच्या डिकीत टाकला. नोकरी जाईल, पोलीस येतील, माझ्या मुलांचं काय होईल, हेच डोक्यात होतं. तुषार समोर पडलेला असताना हेच होतं. पाहुण्यांना मागच्या दाराने आत नेलं. काचा तशाच राहिल्या, त्यांच्याकडे कोणी बघितलंही नाही.

तीन दिवस तो बेशुद्ध होता. तू देवाला हात जोडत होतीस की त्याने डोळे उघडावेत. ताई, मला भीती वाटत होती की तो डोळे उघडेल आणि बोलेल. चौथ्या दिवशी त्याने मलाच विचारलं, मामा, मी पडलो कसा? तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. बाकी सगळं मी कदाचित स्वतःला कधीतरी माफ करीन, पण त्या क्षणी मला बरं वाटलं होतं, हे नाही करू शकणार. मी त्याला तिथल्या तिथे त्याचीच चूक सांगितली, आणि तो सॉरी मामा म्हणाला.

पुढे कंपनीने मला हुकूम दिला की दर सोमवारी नव्या कामगारांना ही हकिगत सांगायची, हयगय केली तर काय होतं ते समजावं म्हणून. मी सहा महिने ती सांगत आलो. सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी पांडुरंग मधेच उठला आणि बाहेर जाऊन उन्हात उभा राहिला. तुझं पत्र तेव्हा माझ्या खिशातच होतं. अश्विनीच्या बाळाचं तू लिहिलं आहेस ते आठवलं, आणि पुढची हकिगत मला त्या दिवशी सांगता आली नाही.

परवा मी ऑफिसात आणि सरकारी तपासनिसांकडे लेखी जबाब दिला. हूक त्यांच्या ताब्यात दिला. कामावरून मला काढलं आहे, पुढे खटलाही होईल. यशोदेला सगळं सांगितलं आहे. यातलं कसलंच गाऱ्हाणं तुझ्याकडे नाही.

हे पत्र तुषारला वाचायला दे. समोर येऊन सांगायला हवं होतं. गेल्या रविवारी फाटकापर्यंत आलोही होतो. तो बाल्कांवात बसून पेपर वाचत होता. त्याने मान वर करण्याआधी मी वळलो.

परेश


कारापूर,
१३ ऑक्टोबर २०२४

परेश,

आशीर्वाद लिहायला आज हात वळत नाही.

पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिळालं. मी आधी वाचलं, मग त्याला दिलं. त्याने वाचून ते खिशात ठेवलं आणि पुढच्या पायरीवर जाऊन बसला. मी त्याच्या मागे गेले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून मला जे म्हणायचं होतं ते म्हटलं. माझा आवाज मला ऐकू येत नाही, किती मोठ्याने बोलले ठाऊक नाही. शेजारची स्नेहा धावत आली, म्हणजे बरंच मोठ्याने बोलले असेन.

हूक लपवलास ते मी समजू शकते. माणूस घाबरतो. पण त्या बाकावर आठ दिवस माझ्याजवळ बसून, नंतर घरी जाऊन, कागद घेऊन, तू ते शांतपणे लिहिलंस. आणि मी ते खरं मानून आठ महिने माझ्या मुलाला बोलले. माझ्या तोंडून तू त्याला बोललास, परेश. आईने मुलाला जे बोलू नये ते सगळं. तो ऐकून घेत राहिला, कारण त्यालाही वाटत होतं की आई खरं बोलते आहे.

मीही चुकले, ते माझं मी बघीन. माझ्या मुलाला मी सत्तावीस वर्षं ओळखते, आणि तुझ्या एका पत्रापुढे मला ती ओळख आठवली नाही.

या भाऊबीजेला येऊ नकोस. यशोदा आणि मुलं केव्हाही येऊ देत, त्यांचं घर आहे.

सुमंगला


॥ श्री ॥

कारापूर,
२२ डिसेंबर २०२४

ती. स्व. परेशमामांस,
तुषारचा सा. न. वि. वि.

पत्र लिहायला दोन महिने लावले. रागाने नाही, निदान फक्त रागाने नाही. काय लिहावं ते सुचत नव्हतं.

आधी खुशाली. काठी आता फक्त चढावर लागते. कंपनीचं नवं पत्र आलं, निष्काळजीपणाचं वाक्य त्यांनी मागे घेतलं आहे. आई बरी आहे, पण माझ्याशी बोलताना हल्ली फार जपून शब्द वापरते, त्याचा मला त्रासच होतो. सोनालीला मी ऑक्टोबरातच पत्र लिहून खरं काय ते कळवलं. ते पोचलं तेव्हा तिची सुपारी फुटली होती. तुळशीचं लग्न झाल्यावर तिचं कुडाळला लग्न झालं. तिने दोन ओळींचं उत्तर पाठवलं की तिचा कधीच विश्वास बसला नव्हता, पण मीच स्वतःविषयी सांगत होतो तेव्हा ती काय करणार. यात तुम्हाला लागेल असं लिहायचा हेतू नाही, पण झालं ते असं झालं.

तुमचं पत्र वाचून माझं ओझं उतरेल असं सगळ्यांना वाटलं. अश्विनी तर त्याच आठवड्यात बाळाला घेऊन आली. मामा, खरं काय ते डोक्याला कळलं आहे, हातांना अजून कळलेलं नाही. कडी लावतो आणि परत जाऊन बघतो. आठ महिने मी स्वतःला दुसराच माणूस समजून वागलो, तो माणूस एका पत्राने घरातून जात नाही. जाईल, थोडा वेळ लागेल.

मी तुम्हाला माफ केलं का, असं आईने मला विचारलं. मी तिला उत्तर दिलं नाही आणि तुम्हालाही आज देता येत नाही. मी वर चढलो ते माझ्या पायांनी चढलो, हे मला कळतं. तुमच्या शब्दावर चढलो, हेही कळतं. या दोहोंचं काय करायचं ते ठरत नाही.

गेल्या रविवारी पांडुरंगदादा येऊन गेले. ते पोर्चच्या पलीकडे रस्सी बांधत होते, आपलं बोलणं त्यांना ऐकू गेलं नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच की मी दोनदा मान हलवली, मग तुम्ही काहीतरी बोललात आणि मी शिडीकडे गेलो. इतके महिने मला येऊन भेटले नाहीत म्हणून ते रडले. त्यांनी आणखी एक सांगितलं, की दुपारी जेवताना मी काहीतरी गंमत केली आणि सगळे हसले. काय गंमत केली ते त्यांना आठवेना. मी त्यांना फार विचारलं, पण आठवेना.

म्हणून लिहितो आहे. त्या दिवसाचं तुम्ही जे पत्रात लिहिलंत ते दोनच्या पुढचं आहे. दोनच्या आधीचा सगळा दिवस राहिला. सकाळी मी धारगळला तुमच्याकडे आलो असेन, आपण एका स्कूटरवरून गेलो असू. वाटेत काय बोललो? मामीने नाश्त्याला काय दिलं? सोनालीविषयी मी काही म्हणालो का? माझ्या आयुष्यातला एक दिवस माझ्याकडे नाही, मामा. पांडुरंगदादांनी तो लांबून बघितला. जवळून बघणारे फक्त तुम्ही होतात.

तो मला लिहून पाठवा. सकाळपासून, जसं घडलं तसं. माझं बरं दिसेल म्हणून काही घालू नका आणि तुमचं वाईट दिसेल म्हणून काही गाळू नका. ते वाचून मी तुम्हाला घरी बोलवीन असा शब्द देत नाही. पण पत्र आलं की मी ते वाचीन, हा शब्द देतो.

मामीला नमस्कार.

आपला,
तुषार